आई खेचरावर, मी पायी : फुलांची दरी आणि हेमकुंड

उत्तराखंडमधील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान पाहायला महाराष्ट्रातून दर पावसाळ्यात पुष्कळ लोक जातात आणि त्यांनी लिहिलेली वर्णनेही भरपूर वाचायला मिळतात. ती बहुतेक पाठीवर सॅक अडकवून झपाझप चालणाऱ्यांची असतात. बरोबरीचे एक माणूस चालू शकत असेल आणि दुसऱ्याला चढ-उतार झेपत नसेल, तर या वाटेवर नेमके कसे जायचे, घोडा कुठून कुठपर्यंत मिळतो, तो जिथे थांबतो तिथून पुढे काय करायचे, हे मला एका ठिकाणी कुठेच सापडले नाही. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली असून तिचा उजवा गुडघा बरीच वर्षे दुखतो आहे. तिला हिमालयातले ब्रह्मकमळ त्याच्या जागी उगवलेले पाहायचे होते. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी जाऊन आलो. ज्यांच्या घरी अशीच इच्छा आणि असाच गुडघा असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वाटेची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळे नियोजन तिच्यावरच अवलंबून असते. जोशीमठहून बद्रीनाथकडे जाताना गोविंदघाट लागते. तिथून पुलना गावापर्यंत सुमारे चार किलोमीटर जीप जाते. पुलनापासून घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची पायवाट आहे आणि तिच्यावर घोडे-खेचरे चालतात. घांघरिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटर उंचीवर आहे. मुक्काम तिथेच करावा लागतो, कारण पुढे दरीत किंवा हेमकुंड या सरोवराकाठच्या शीख तीर्थाला रात्री राहता येत नाही. घांघरियाच्या पुढे थोड्याच अंतरावर वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडची वाट हेमकुंड साहिबकडे सहा किलोमीटर चढत जाते आणि तिच्यावर खेचर मिळते. डावीकडची वाट फुलांच्या दरीत जाते, पण त्या फाट्यावर कोणत्याही जनावराला प्रवेश नाही. दरीत एकतर स्वतःच्या पायांनी जायचे किंवा माणसाच्या पाठीवरच्या कंडीत, म्हणजे वेताच्या टोपलीत, बसायचे. आमच्या सगळ्या तयारीचा कस याच फाट्यावर लागणार होता.

तयारी फेब्रुवारीतच सुरू केली. अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. चढाला आईचा गुडघा कदाचित साथ देईल, पण लांब उतार तिने पायी उतरू नये. आणि घोड्यावर तासन्‌तास बसायचे असेल तर मांड्या व कंबर यांचे व्यायाम आतापासूनच करावेत. ही दुसरी सूचना आम्हाला अनपेक्षित होती. घोड्यावर बसणे म्हणजे आराम, असाच सर्वसाधारण समज असतो. मार्चमध्ये आम्ही मुद्दाम माथेरानला गेलो आणि दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतचा रस्ता आईने घोड्यावरून केला. वाट तशी सोपी, तरीही उतरल्यावर तिच्या मांड्या थरथरत होत्या. त्या फेरीचा फार उपयोग झाला. रिकिबीत पाय किती घालायचा, चढाला पुढे आणि उताराला मागे कसे झुकायचे, जनावर ठेचकाळले तर लगाम न ओढता खोगिराची कडी कशी धरायची, हे सगळे तिने ओळखीच्या मातीत शिकून घेतले. हिमालयातल्या घोड्यावर पहिल्यांदाच बसणाऱ्या प्रत्येकाने अशी एक फेरी महाबळेश्वरला किंवा माथेरानला अवश्य करावी, असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रांचे काम दोन भागांत होते. हेमकुंड साहिबला जाणाऱ्यांना चारधाम यात्रेच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. आम्ही केली तेव्हा ती विनामूल्य होती. आधार क्रमांक, प्रवासाच्या तारखा आणि आपत्कालीन संपर्क भरला की क्यूआर कोड असलेले पत्र मिळते. मी ते मे महिन्यात केले. आईच्या मोबाईलवर ओटीपी येण्यात अडचण आली, म्हणून दोघींची नोंदणी माझ्याच क्रमांकावरून कुटुंब म्हणून केली. पत्राच्या दोन छापील प्रती काढून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात, कारण डोंगरात मोबाईलचे नेटवर्क असेलच असे नाही आणि पावसात ओल्या बोटांनी पडदा चालत नाही. दुसरा भाग राष्ट्रीय उद्यानाच्या परवान्याचा. तो वनखात्याच्या संकेतस्थळावर किंवा फाट्यावरच्या चौकीत मिळतो. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांसाठी शुल्क २०० रुपये होते आणि परवाना तीन दिवस चालत होता; मात्र रोज संध्याकाळी बाहेर यावेच लागते.

आम्ही ५ ऑगस्टला पहाटे हरिद्वारहून निघालो. सामायिक जीप स्वस्त पडते, परंतु आईला मध्ये मध्ये उतरून पाय मोकळे करावे लागतात, म्हणून स्वतंत्र गाडी केली. या प्रवासातला तो सर्वात मोठा खर्च होता. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम मागे टाकत रस्ता अलकनंदेच्या काठाने वर चढतो. पीपलकोटीच्या पुढे पागल नाला नावाची जागा आहे. तिथे वरून दगडमाती आल्याने वाहने थांबवली होती. जेसीबीने रस्ता मोकळा करेपर्यंत सुमारे तीन तास आम्ही गाडीत बसून होतो. ऑगस्टमध्ये असे होणे हा अपवाद नव्हे. फुलांचा बहर आणि दरडी कोसळण्याचा काळ एकच असल्याने परतीच्या तिकिटाच्या आधी निदान दोन मोकळे दिवस ठेवलेच पाहिजेत. जोशीमठला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. तिथल्या एटीएममधून पुरेशी रोकड काढून घेतली, कारण पुढे सगळे व्यवहार रोखीनेच होतील असे धरून चालणे शहाणपणाचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही पुलनाला होतो. जीप थांबते तिथेच घोडे-खेचरांचा आगाऊ भरणा करण्याचा कक्ष आहे आणि बाहेर दरफलक लावलेला असतो. कक्षाकडे जाण्याआधीच चार-पाच जण आपापले जनावर घेऊन भोवती जमतात. त्यांच्याशी नम्रपणे बोलावे, पण पैसे कक्षातच भरून पावती घ्यावी. पावतीवर खेचरवाल्याचा क्रमांक असतो आणि पुढे काही मतभेद झाला तर तोच आधार असतो. घांघरियापर्यंतचे एकेरी भाडे आम्हाला दीड हजारांच्या आसपास पडले. ते हंगामानुसार बदलते. आईचे वजन विचारले गेले आणि तिने ते संकोच न करता सांगितले. मी जनावराची पाठ आणि तंगाखालची, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखालची, कातडी पाहिली. जखम असलेल्या जनावरावर बसायचे नाही, हे आम्ही घरूनच ठरवले होते. वेदना होणारे जनावर पाऊल नीट टाकत नाही, त्यामुळे त्यात आपल्याही जिवाचा प्रश्न असतो. पण तो नसता तरी आईने तसे केले नसते.

आमच्या वाट्याला तपकिरी रंगाची एक शांत खेचरी आली. तिचा मालक विशीतला, चमोली जिल्ह्यातल्याच एका गावचा मुलगा होता. त्याने आईला दगडी ओट्यावरून बसवले, रिकिबीचे पट्टे तिच्या पायांच्या मापाने कमी केले आणि म्हणाला, “माताजी, डरना नहीं, बस नीचे मत देखना.” त्याच्या सांगण्याचा अर्थ पहिल्याच वळणावर कळला. खेचरे नेहमी वाटेच्या दरीकडच्या कडेने चालतात. पाठीवर दोन्ही बाजूंना ओझे वाहायची त्यांना सवय असते आणि डोंगराच्या बाजूला ओझे कातळाला घासते, म्हणून ती आपोआप बाहेरची कड धरतात, असे त्या मुलाने सांगितले. खाली लक्ष्मणगंगा नदी फेसाळत असते आणि बसलेल्या माणसाचा एक पाय जणू तिच्यावर लोंबकळत असतो. जनावराला आत ओढण्याचा प्रयत्न करू नये. त्याला आपली वाट माहीत असते. नजर त्याच्या दोन कानांच्या मधून समोर ठेवावी. आईने पहिला तासभर खोगिराची कडी इतकी घट्ट धरली होती, की जंगलचट्टीला चहासाठी उतरल्यावर तिची बोटे सरळ होईनात.

पायी चालणाऱ्यांसाठी याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. घुंगरांचा आवाज आला की ताबडतोब डोंगराच्या बाजूला, कातळाला पाठ लावून उभे राहायचे. दरीकडे कधीही उभे राहायचे नाही, कारण ओझे भरलेल्या जनावराचा साधा धक्काही माणसाला खाली लोटायला पुरेसा असतो. थांबून फोटो काढणाऱ्या कितीतरी जणांना मी दरीच्या कठड्याला टेकलेले पाहिले आणि दर वेळी जीव धास्तावला. वाट दगडांनी बांधलेली आहे. पाऊस आणि लीद एकत्र झाली की ती बुळबुळीत होते. वाट झाडणारे कर्मचारी दिवसभर राबताना दिसतात. भ्यूंडार गावच्या लोकांची इको डेव्हलपमेंट समिती इथल्या स्वच्छतेचे काम बरीच वर्षे पाहते आणि तिच्याविषयी मला अतिशय आदर वाटला. बुटांचा तळ खोल नक्षीचा असावा आणि हातात काठी असावीच. पुलनाला ती नाममात्र भाड्याने किंवा विकत मिळते.

भ्यूंडारजवळ काकभुशुंडी सरोवराकडून येणारा प्रवाह लक्ष्मणगंगेला मिळतो. २०१३ च्या महापुराने इथली जुनी वाट आणि वस्तीचा मोठा भाग वाहून नेला. त्यानंतर वाट नव्याने बांधली गेली, आणि नदीपात्रात अजूनही घराएवढे धोंडे पसरलेले दिसतात. पूल ओलांडल्यावर शेवटचा चढ सुरू होतो आणि तो सर्वात खडा आहे. इथे मी मागे पडले. पायी माणूस आणि खेचर यांचा वेग जुळत नाही, त्यामुळे भेटण्याच्या जागा आधीच ठरवाव्यात. आम्ही जंगलचट्टी, भ्यूंडार आणि घांघरियाच्या आधीचे हेलिपॅडचे मैदान अशा तीन जागा ठरवल्या होत्या. आईची औषधे, रेनकोट, पाणी, थोडे पैसे आणि हॉटेलचा पत्ता तिच्याच कमरेच्या पिशवीत होता. सगळे सामान चालणाऱ्याच्या पाठीवर असेल आणि बसणारा दोन तास आधी पोहोचला, तर तो थंडीत कुडकुडत बसतो.

घांघरियात आम्ही एक साधी खोली घेतली. गरम पाण्याची बादली वेगळे पैसे देऊन मिळत होती. त्या रात्री आईच्या मांड्यांना मी तेल चोळले, तिने निमूटपणे गोळ्या घेतल्या आणि आम्ही साडेआठलाच झोपलो.

७ ऑगस्टला दरीत जायचे होते. चौकी सकाळी सातला उघडते, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत सर्वांनी बाहेर यावे लागते. रांग फार मोठी नव्हती. परवाना हातात पडायला अर्धा तास लागला.

कंडीविषयी मात्र आमचे आधीच्या रात्री बराच वेळ बोलणे झाले होते. कंडी म्हणजे वेताची खोल टोपली असते. तिला बसण्यापुरती कापलेली बाजू असते आणि वाहणारा तिचा पट्टा कपाळावर व खांद्यांवर घेतो. बसणारा पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून बसतो. हे काम करणारे बरेचसे नेपाळी मजूर असतात. “दुसऱ्या माणसाच्या पाठीवर बसून फुले पाहायला जायचे, हे मला पटत नाही,” असे आई म्हणाली. मला तिचे म्हणणे कळत होते, पण त्याचबरोबर पुष्पावती नदीच्या पुलानंतरचा चढ तिला झेपणार नाही हेही दिसत होते. शेवटी तिने स्वतःच मार्ग काढला. चौकीपासून पुलापर्यंत ती चालणार, चढ तेवढा कंडीतून, दरीची सपाटी लागली की पुन्हा पायी, आणि परतीचा उतार कंडीतून. मोबदला मात्र पूर्ण फेरीचा द्यायचा. कंडीवाल्या दादांचे वय पन्नाशीच्या आसपास असावे. त्यांनी हे ऐकून मान हलवली आणि सांगितले, की रिकामी कंडी घेऊनही ते बरोबर चालतील. आम्ही अडीच हजार रुपये ठरवले आणि जेवण आमच्याबरोबर.

त्या चढावर मी कंडीच्या मागे चालत होते, त्यामुळे आईचे तोंड माझ्याकडे होते. दादा दर पन्नास-साठ पावलांवर थांबायचे, इंग्रजी टी अक्षरासारख्या आकाराची लाकडी काठी टोपलीच्या बुडाला टेकवून भार तिच्यावर द्यायचे आणि दीर्घ श्वास सोडायचे. आईचे दोन्ही हात टोपलीच्या कडेवर होते. ती अजिबात हलत नव्हती, कारण हलले की त्यांचा तोल जातो हे तिने ओळखले होते. कंडीत बसणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. मागे वळणे, फोटोसाठी झुकणे, कुणाला हात करणे हे सगळे वाहणाऱ्याच्या मानेवर येते.

वर पोहोचल्यावर दरी एकदम उघडते. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ या ब्रिटिश गिर्यारोहकाने ती पाहिली आणि त्याच्या लिखाणामुळे ती जगाला माहीत झाली. भ्यूंडारच्या मेंढपाळांना मात्र ती त्याआधीपासून परिचयाची होती. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००५ साली ते नंदादेवीबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती पसरली आणि लहान फुलझाडांना ती झाकू लागली. वनखाते ती दरवर्षी उपटते. चराई थांबल्यामुळेच ती फोफावली का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जनावरांना फाट्यावर थांबवणारा नियम आम्हाला अडचणीचा होता, तरी आत आल्यावर घंटांचा आणि लिदेचा मागमूस नसलेली ती वाट पाहून तो नियम योग्यच आहे असे माझे मत झाले.

गुलाबी तेरड्याचे ताटवे कमरेइतके उंच होते. आईने एकेका फुलाजवळ थांबून जिरेनियम, पोटेन्टिला, घंटेच्या आकाराची निळी कॅम्पॅन्युला अशी ओळख पटवत नेली आणि दादा तिला पहाडी नावे सांगत गेले. कासच्या पठारावर सप्टेंबरात जाणाऱ्यांना तेरडा ओळखीचा वाटेल, पण इथला तेरडा झुडपासारखा वाढतो. जोन मार्गारेट लेग या वनस्पतिसंग्राहक बाई १९३९ साली इथेच अपघातात मरण पावल्या. त्यांच्या समाधीपर्यंत जायची आईची इच्छा होती, परंतु साडेबाराला पाऊस सुरू झाला आणि आम्ही परत फिरलो. पाचची वेळ गाठायची असेल तर आपल्या गतीचा हिशेब करून परतीची वेळ सकाळीच ठरवून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस होता आणि आम्ही खोलीतच विश्रांती घेतली. उंचीची सवय व्हायलाही त्याचा उपयोग झाला.

९ ऑगस्टला हेमकुंड. साडेपाचला अंधारातच खेचर ठरवले, कारण वर राहता येत नाही आणि दुपारी दोनच्या सुमारास सर्वांना खाली पाठवतात. घांघरियापासून सहा किलोमीटरांत बाराशे मीटरांहून अधिक चढ आहे. इथे विरळ हवेचा परिणाम चालणाऱ्यापेक्षा बसलेल्यावर कमी होईल अशी माझी समजूत होती, परंतु खेचर माणसापेक्षा झपाट्याने वर जाते आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. निम्म्या वाटेवर आईचे डोके दुखू लागले. खेचरवाल्याला अर्धा तास थांबायला सांगितले, तिला गरम पाणी दिले, आणि दुखणे वाढले तर लगेच खाली उतरायचे असे ठरवले. ते वाढले नाही. डॉक्टरांचा सल्ला आणि औषध आम्ही पुण्यातूनच घेतले होते. साठीपुढच्या कोणीही ते घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

शेवटच्या टप्प्यात पायी जाणाऱ्यांसाठी पायऱ्यांचा खडा मार्ग आहे आणि खेचरांची वाट वळणे घेत जाते. त्या वळणांवरच्या उतारात आईला तिची फुले दिसली. ब्रह्मकमळे, एक-दोन नव्हे, सगळा उतारच त्यांनी भरला होता. फिकट पिवळसर, कागदासारख्या पारदर्शक पाकळ्यांच्या आत जांभळट गुच्छ. त्या पाकळ्या नसून फुलांच्या गुच्छाला थंडीवाऱ्यापासून जपणारी सहपत्रे आहेत, हे तिने तिथे खेचरावर बसल्याबसल्या खेचरवाल्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, की तो रोज त्यांच्याजवळून जातो पण हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कोणी तोडून फुले विकायला आणली तर घेऊ नयेत.

वर सरोवर धुक्यात होते. गुरुद्वाऱ्यात चहा आणि वाफाळती खिचडी मिळाली. शेजारच्या पंक्तीतल्या लुधियानाच्या एका आजींनी आम्ही महाराष्ट्रातल्या असे कळताच नांदेडच्या हुजूर साहिबविषयी आपुलकीने विचारले. जवळच लक्ष्मणाचे छोटे मंदिर आहे. आम्ही तासाभरापेक्षा जास्त थांबलो नाही.

उतरणे हा या सगळ्यातला सर्वात कठीण भाग होता. ओल्या दगडांवरून खाली जाताना जनावराची मान खाली जाते आणि बसणाऱ्याचे शरीर पुढे घसरते. त्या वेळी पाय पुढे ताणून, टाचा खाली दाबून, पाठ मागे टेकवत राहावे लागते. रिकिबीत बुटाचा फक्त पुढचा भाग असावा, म्हणजे जनावर घसरले तर पाय अडकत नाही. दोन-तीन वळणांवर खेचरवाल्याने आईला उतरवले आणि हात धरून चालवले. अशा ठिकाणी घाई करू नये, आणि तो सांगेल ते ऐकावे. एक खेचर आमच्या पुढे गुडघ्यांवर बसले होते. स्वारही खाली आला, पण वाटेच्या आतल्या बाजूला पडल्याने खरचटण्यावर निभावले. ते पाहिल्यावर आईने पुढच्या सर्व खड्या वळणांवर स्वतःहून उतरायचे ठरवले आणि गुडघ्याला पट्टा बांधून ती वळणे सावकाश पार केली. घांघरियाला पोहोचायला त्यामुळे दीड तास जास्त लागला.

१० ऑगस्टला पुलनाला परतताना पहिल्या दिवशीचाच मुलगा मिळावा म्हणून आम्ही त्याला आदल्या दिवशी निरोप पाठवला होता. तो सकाळी सहाला दारात हजर होता आणि त्याने खोगिरावर एक जास्तीची घोंगडी टाकून आणली होती. भाडे पावतीप्रमाणे दिले आणि वर बक्षीस आईने आपल्या हाताने दिले. खेचरीसाठी तिने गुळाचा खडा राखून ठेवला होता. गोविंदघाटाला पोहोचलो तेव्हा बारा वाजत होते. बद्रीनाथचा रस्ता त्या दिवशी खुला होता आणि राखून ठेवलेले मोकळे दिवस अजून हातात होते, म्हणून आम्ही गाडीवाल्याला उलटीकडे, वरच्या बाजूला गाडी घ्यायला सांगितली.